गव्हावर टाकू नका

माझ्या ओळखीतल्या बहुतेक निवृत्त बायकांनी युरोप पाहिला आहे, निदान दुबई तरी. निवृत्तीनंतर मी पहिला मोठा प्रवास केला तो नौपाड्याहून डोंबिवलीत मानपाड्याला, तिथून कल्याणच्या बाजूला मलंगगडाच्या वाटेवरच्या एका गावाला आणि शेवटी वागळे इस्टेटला. नकाशावर बोट ठेवलं तर ते उचलावंही लागू नये एवढाच हा टापू. पण या टापूतल्या ज्या जागा मी बघून आले तिथे आपण सगळे जातो आणि कोणीही थांबून बघत नाही. मी पिठाच्या गिरण्या बघून आले.

निमित्त माझ्या लेकीचं. केतकी लग्न होऊन मानपाड्याला राहते, घरात नवरा नितीन आणि सासू. दीड वर्षापूर्वी तिला सिलिअ‍ॅक नावाचा आजार असल्याचं निघालं. गव्हात ग्लुटेन म्हणून एक प्रथिन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आणि मग खाल्लेलं काही अंगाला लागत नाही. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हाच उपाय. केतकीने त्या दिवसापासून पोळी सोडली, पाव सोडला, रवा, शेवया, बिस्किटं, ऑफिसातले वाढदिवसाचे केक, सगळं सोडलं. तरीही रक्ततपासणीतला, आजार किती जोरात आहे ते दाखवणारा जो आकडा खाली यायला हवा तो येत नव्हता. हिमोग्लोबिन तिथंच अडकलेलं. नोव्हेंबरात ती ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन बसली. मुलाबाळाचा विचार सध्या नकोच, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती, आणि तेच मला आवडलं नाही. "पुढच्या रिपोर्टपर्यंत थांबते, आई," ती म्हणाली. "तेव्हाही आकडा असाच असेल तर मी पोळी खायला लागणार. आजारीच राहायचंय ना, मग पोळी खाऊन राहीन."

मी टेलिफोन खात्यात होते, सगळी नोकरी फॉल्ट विभागात गेली. लाइन बंद पडली की लोक म्हणायचे, सगळं तपासलं, काही सापडत नाही. आमचे साहेब म्हणायचे, सापडत नाही म्हणजे एखादा खांब बघायचा राहिलाय. केतकीच्या पोटात गहू जात होता, कुठून तरी जातच होता. मी बॅग भरली. आमच्या ह्यांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, सापडेपर्यंत.

नौपाडा

निघण्याआधी डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांचा दवाखाना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. केतकीचं निदान झालं तेव्हा त्यांनी जवळच्या नातेवाइकांचंही रक्त तपासायला सांगितलं होतं, त्यामुळे माझीही तपासणी झालेली. ज्या जीनमुळे हा आजार होऊ शकतो तो माझ्यात आहे, आजार मात्र नाही. मी लहानपणापासून पोळ्या खाते आहे आणि माझ्या पोटाची कधी तक्रार नाही. म्हणून त्या दिवशी मी त्यांना जरा चिडूनच विचारलं, की माझा जीन काय झोपलाय का?

त्या हसल्या. म्हणाल्या, हा जीन पुष्कळ लोकांत असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. एखाद्यातच तो उठतो. का उठतो ते अजून नीट कुणालाच सांगता येत नाही. पण एवढं नक्की, की नुसत्या जीनने हा आजार होत नाही आणि नुसत्या गव्हानेही होत नाही. दोघं भेटावे लागतात. जीन काढून टाकता येत नाही, म्हणून आपण गहू काढायचा. आणि तो कणभरही चालत नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं.

जिना उतरताना मला माझी आई आठवली. ती संगमेश्वराकडची. लग्न होऊन डोंबिवलीला आली आणि तेव्हापासून कायम आजारी. पोट बिघडलेलं, अंगात रक्त नाही, हाडं दुखतायत. दर मे महिन्यात माहेरी जायची आणि जून लागता लागता गाल भरून परत यायची. सगळे म्हणायचे, हिला डोंबिवलीची हवा मानवत नाही. वडिलांनी त्यासाठी जागा बदलली, पूर्वेकडून पश्चिमेला नेली. माहेरी तिन्ही त्रिकाळ भात, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, आणि डोंबिवलीत रेशनचा गहू. सगळ्यांनी हवा बघितली, ताट कोणी बघितलं नाही. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाबद्दल असं खात्रीने म्हणता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे. पण मला ते तेव्हापासून सलत राहिलंय.

मानपाडा

नौपाड्यात माणसं चालतात, मानपाड्यात वाट बघतात. रिक्षाची, पाण्याच्या टँकरची, रस्त्याचं काम संपण्याची. संध्याकाळी वारा फिरला की एमआयडीसीचा वास खिडकीतून आत येतो. केतकीच्या सासूबाई, मंगलताई, त्या वासावरून उद्या थंडी वाढणार की नाही ते सांगतात आणि त्यांचं बरोबर येतं. त्या कराडजवळच्या गावच्या. यजमान इथल्याच एका कारखान्यात होते, ते गेले, पण डोंबिवलीत इतकी वर्षं काढूनही मंगलताईंची बोली गावचीच राहिली. मला त्या विहीणबाई म्हणतात. मी त्यांना मंगलताई म्हणते, कारण विहीणबाई म्हटलं की मला भांडण सुरू करायचं असल्यासारखं वाटतं.

भांडण म्हणावं असं आमच्यात नव्हतं, पण एक ठुसठुस होती. केतकीचं निदान झालं तेव्हा त्यांच्या नात्यातल्या कोणीतरी म्हटलं होतं, की ही माहेरची खोट. मंगलताई स्वतः तसं म्हणाल्या नव्हत्या, पण त्यांनी नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं. मी आल्या आल्या स्वयंपाकघर उघडून बसले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. तरी मी प्रत्येक डबा बाहेर काढला. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं, की यात गव्हाचं पीठ आहे. मी डबी त्यांच्यापुढे धरली. त्या म्हणाल्या, हिंगात गहू? आता उद्या म्हणाल मिठात पण आहे. मी डबी कचऱ्यात टाकली. पण चिमूटभर हिंगाने एवढा आकडा चढून राहील, हे काही मला पटेना. मुख्य फॉल्ट अजून पुढे होता.

रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, मेथीची पातळ भाजी आणि खर्डा. मंगलताईंच्या भाकरीबद्दल मी फक्त ऐकून होते. मोठी, पातळ, पांढरीशुभ्र, आणि कडेला एक चीर नाही. मी कोकणातली, आमची भाकरी तांदळाच्या उकडीची, ती जमली नाही तर दोष उकडीचा. ज्वारीची भाकरी मी थापायला गेले की तव्यावर जाईपर्यंत तिचा नकाशा होतो. मी मनापासून म्हटलं, अशी भाकरी मी आजवर पाहिली नाही. त्या खूश झाल्या. सगळं काही हातात नसतं, म्हणाल्या, निम्मं गिरणीत असतंय. तेव्हा मी त्याचा अर्थ विचारला नाही. केतकीने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलताई दळणाला निघाल्या. ज्वारीची पिशवी मी उचलली.

गिरणीत डब्यांची रांग होती. ज्यांनी कधी उभं राहून ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, दळणाला आलेली प्रत्येक बाई डबा ठेवताना एक सूचना करते. माझे तांदूळ ज्वारीवर टाका. हे बेसन आहे, डाळीवरच टाका. 'वर' टाकणं म्हणजे मागून टाकणं. आधीच्या दळणाचं थोडं पीठ जात्यात उरलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून कशावर काय टाकायचं, याला बायका जपतात. मी हे सगळं जन्मभर ऐकत आले आहे. मीही म्हटलेलं आहे.

मंगलताईंनी पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि पट्ट्याच्या आवाजातून गिरणीवाल्या शिंद्यांना सांगितलं, "शिंदे, आपलं नेहमीसारखं गव्हावर टाका."

शिंद्यांनी मान हलवली. नुकतंच कुणाचं तरी गव्हाचं मोठं दळण संपलं होतं. जात्यात उरलेल्या त्या गव्हावर ते आमची ज्वारी ओतणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. अनोळखी माणसाचा हात मी तसा कधी धरत नाही. त्यांनी मशीन बंद केलं. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. दीड वर्ष माझी पोरगी लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठत होती, आणि इकडे दर आठवड्याला तिच्या भाकरीत गहू उतरवला जात होता. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, गव्हावर का टाकायला सांगता? मंगलताईंना प्रश्नच विचित्र वाटला. गव्हावर टाकलं की पीठ चिकट होतं, भाकरी फाटत नाही, मऊ राहते. केतकीला भाकरीची सवय नाही, पोळीवर वाढलेली पोर, तिच्या घशाखाली उतरावी म्हणून त्या मुद्दाम थांबून, गव्हाचं दळण संपायची वाट बघून मग आपला नंबर लावायच्या. घरातला गहू त्यांनी पहिल्याच दिवशी हद्दपार केला होता. नितीनलाही पोळी बाहेर खा म्हणून सांगितलं होतं. पण 'गव्हावर' या शब्दात गहू आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नसतं, मी तिथे उभी नसते तर.

मी सांगितलं. त्या रस्त्यातच थांबल्या. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत राहिली.

घरी येऊन त्यांनी पिठाचा डबा उघडला, आत बघितलं आणि झाकण लावून त्याच्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "माज्या हातनं झालं म्हणायचं हे."

माझा राग केव्हाच उतरला होता. मी त्यांच्याशेजारी बसले. डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं होतं ते सांगितलं, की दोघं भेटल्याशिवाय हे होत नाही. "जीन माझा, गहू तुमचा," मी म्हटलं. "त्यात तुम्ही एकट्या कुठं आलात?"

त्यांनी नाक पुसलं. "मग दोघींनी मिळून निस्तरायचं," म्हणाल्या, आणि उठून तो डबा पुन्हा पुन्हा पाण्याने घासायला घेतला.

केतकीला संध्याकाळी सांगितलं. ती सासूकडे बघून हसली आणि म्हणाली, बरं झालं कळलं. पण मी तिची आई आहे. तिचा विश्वास बसलेला नव्हता. तिला असं 'सापडलं' आजवर खूपदा सांगितलं गेलं होतं.

मलंगगडाच्या वाटेवर

आता प्रश्न पीठ आणायचं कुठून. शिंदे म्हणाले, मी ज्वारीवर ज्वारी टाकतो, मग तर झालं? बिचारे मनापासून सांगत होते. पण त्यांच्या गिरणीत भिंती, वजनकाटा, त्यांच्या भुवया, सगळ्यांवर गव्हाचं पीठ बसलेलं. दुकानातलं पाकीटबंद पीठ आम्ही बघितलं, तर एकावर मागच्या बाजूला लिहिलेलं, की याच ठिकाणी गव्हावरही प्रक्रिया होते. दुसऱ्यावर गव्हाबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे खात्री नव्हती, आणि मंगलताईंनी ते तळहातावर घेऊन फुंकलं आणि म्हणाल्या, यात जीव राहिला न्हाई. घरघंटी घ्या, असं शेजारच्या म्हणाल्या. स्वयंपाकघर एवढंसं, ती ठेवायची कुठं, असं मंगलताईंचं म्हणणं पडलं. त्यापेक्षा त्यांच्या भिशीतल्या गुलाबबाईंच्या गावी तांदळाचीच गिरणी आहे, आगरी लोक गहू खातातच किती, ती बघून येऊ.

म्हणून आम्ही दोघी निघालो. कल्याण-शिळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना टॉवर आणि त्यांच्यावर आणखी टॉवरांच्या जाहिराती. आत वळलं की एकदम कापणी झालेली भातशेतं लागतात, त्यात हिरवे वाल पेरलेले, आणि समोर मलंगगड. थंडीमुळे तो अगदी जवळ आल्यासारखा दिसत होता. मंगलताई एवढ्या वर्षांत इकडे आल्या नव्हत्या. त्यांना वाल जमिनीवर पसरलेले बघून नवल वाटलं. पाणी न देता येतं हे? असं त्यांनी दोनदा विचारलं. भाताच्या ओलीवर येतं, मी सांगितलं. त्यांच्या गावाकडे विहिरीची पाळी कुणाची यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं.

गुलाबबाईंनी जेवल्याशिवाय गिरणी दाखवणार नाही असं जाहीर केलं. तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि सुकटीची चटणी. मी कोकणातली, मला काही सांगावं लागलं नाही. मंगलताईंनी सुकटीचा वास आला तसा पदर नाकाकडे नेला, मग तो तसाच गळ्याशी नीट करून घेतला आणि आमटीवर जेवल्या. गुलाबबाईंनी सगळं बघितलं आणि त्यांना आणखी आमटी वाढली.

गिरणी देवळामागे होती. एकच जातं, पांढरं, स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे दर आठवड्याला कोण येणार, कसं आणणार याची आखणी सुरू केली. मंगलताई मात्र कोपऱ्यात बघत होत्या. तिथे ओळीने स्टीलचे डबे ठेवले होते आणि एकाचं झाकण अर्धवट होतं. त्यांनी ते उचललं. आत गहू होता.

"टावर आलं नि गहू आला, बाय," गुलाबबाई म्हणाल्या. "आमचे घरान नाय येत, पन गिरनीला गिऱ्हाईक तेच."

आम्ही परत निघालो. माझा हिरमोड झाला होता आणि मी तो लपवत होते. रिपोर्टचा दिवस जवळ येत होता, आणि त्याआधी केतकीच्या पोटात निदान काही आठवडे तरी निखळ अन्न जायला हवं होतं. कल्याणला उतरलो तर समोर घरगुती उपकरणांचं दुकान. मंगलताई थांबल्या. म्हणाल्या, घरघंटी बघू या. जागेचं काय, मी विचारलं. "माजं शिवणमशीन जाईल खाटंखाली. आता कुणाचं झबलं शिवायचंय."

हे त्या सहज बोलल्या, आणि मग दोघींनाही ते ऐकू आलं. मी दुकानात शिरले.

दुकानदार तरुण, उत्साही. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याने मशीनचं झाकण वर केलं आणि ओंजळभर गहू आत टाकला. बघा मावशी, कसलं बारीक पीठ पडतंय. मंगलताई मागे सरकल्या. मी विचारलं, न वापरलेलं, पेटीबंद मशीन मिळेल ना? तो म्हणाला, अलबत, आणि काळजी नको, प्रत्येक मशीन कारखान्यातून गहू दळून, तपासूनच येतं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. हसू की रडू ते कळेना. मी विचारलं, कारखाना कुठाय? तो म्हणाला, लांब नाही, ठाण्यातच की, वागळे इस्टेटला.

वागळे इस्टेट

फॉल्ट काढायला मी वागळे इस्टेटमध्ये खूपदा गेलेली आहे, पण तेव्हाचे कारखाने आता काचेची ऑफिसं झालेत. उरलेली वर्कशॉप्स मागच्या गल्ल्यांत आहेत. आम्हाला हवं ते असंच एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. दाराशी घरघंट्यांचे रिकामे सांगाडे ओळीने उभे. मंगलताईंनी खांद्याला पिशवी लावली होती. तिच्यात काय आहे ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

मालक साधारण नितीनच्या वयाचे. आम्ही म्हटलं, आम्हाला गहू न लागलेलं मशीन हवंय. त्यांना वाटलं आम्ही नवं मागतोय. सगळी नवीच आहेत, म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. आजार सांगितला, जीन सांगितला, मानपाड्याची गिरणी, गुलाबबाईंचं गाव, कल्याणचं दुकान, सगळं सांगितलं. ते सभ्य होते, ऐकून घेतलं. पण चाचणी गव्हावरच घ्यायची पद्धत आहे, म्हणाले. त्याशिवाय जाळी बरोबर बसली की नाही कळत नाही. एका मशीनसाठी पद्धत बदलली तर उद्या तक्रार आल्यावर जबाबदारी कुणाची? नंतर नीट धुऊन घ्या, निघून जातं सगळं. मी म्हटलं, धुऊन गेलं की नाही ते माझ्या मुलीच्या आतड्याला कळतं, ते तुम्हाला किंवा मला दिसत नाही.

पण त्यांचा होकार काही येईना. फोन आला म्हणून ते आत गेले. मंगलताईंनी तिथलं एक रिकामं खोकं ओढलं आणि बसल्या. मांडीवर पिशवी.

ते परत आले, आम्ही तिथेच. मंगलताई म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा. आमी बसतो. न लागलेलं जोडाल तवा सांगा."

दुपारचा चहा आला. आम्हालाही दिला. त्याच्याबरोबर बिस्किटं होती, ती मंगलताईंनी हात न लावता परत पाठवली. बहुतेक त्यावरूनच मालकांना समजलं असावं की या उठणार नाहीत. ते समोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, मशीन नक्की कुणासाठी हवंय? मी तोंड उघडलं, पण मंगलताईंनी आधीच सांगून टाकलं.

"आमच्या दोघींच्या पोरीसाठी."

मालकांनी जोडणी करणाऱ्या माणसाला हाक मारली आणि नवी पेटी, नवी जाळी, न वापरलेला ब्रश काढायला सांगितलं. जोडणीचं टेबल पुसून घेतलं. चाचणीला मग काय टाकू, असं त्या माणसाने विचारलं. मंगलताईंनी पिशवी उघडली. तांदूळ आणले होते, निवडून, धुऊन, उन्हात वाळवून. ज्वारीही होती, वेगळ्या पुरचुंडीत.

आधी तांदूळ टाकले. मशीन घरघरलं आणि खाली पांढरं पीठ पडायला लागलं. त्या माणसाने चिमटीत घेऊन बघितलं, जाळी किंचित हलवली, पुन्हा बघितलं, आणि मालकांना म्हणाला, बसली. मग मंगलताईंनी स्वतः ज्वारीची पुरचुंडी सोडली. "आता तांदळावर टाका," म्हणाल्या.

मशीन घरी आलं तेव्हा शेजारची काकू हौसेने त्याची पूजा करायला ताट घेऊन आली. आमच्याकडे ओटी तांदळाची, देशावर गव्हाची. तिच्या ताटात गहू होता. मंगलताईंनी तिला उंबऱ्यातच थांबवलं आणि आत येऊ दिलं ते तिने गहू घरी ठेवून, हात धुऊन आल्यावर. काकू दोन दिवस रागावली होती म्हणे. पहिल्या पिठाच्या भाकरी सगळ्या कडांनी फाटल्या. मंगलताईंनी उकळतं पाणी घालून बघितलं, पीठ जास्त मळून बघितलं, तरी पूर्वीची भाकरी काही आली नाही. केतकीने फाटलेली तशीच खाल्ली. मी ठाण्याला परत आले.

परत नौपाडा

रिपोर्टचं आधी सांगून टाकते. आकडा उतरला. पूर्ण नाही, पण चांगला उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट सापडली आहे, आता सोडू नका. केतकीने पोळीचा विषय पुन्हा काढला नाही. पण मला हे सगळं रिपोर्टच्या आधीच कळलं होतं.

एका संध्याकाळी केतकी ऑफिसातून परस्पर आमच्याकडे आली. गेलं दीड वर्ष ती आली की सोफ्यावर आडवी व्हायची आणि मी काय देऊ विचारलं की नको म्हणायची. त्या दिवशी चपला काढल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेली. मला डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज आले. मी आत गेले तर ती कट्ट्याशी उभी, हातात शेंगदाण्याचा लाडू, दुसऱ्या हाताने पुढचा डबा उघडत होती.

"आई, जेवायला काय केलंयस?" ती म्हणाली. "मला केव्हाची भूक लागलीय."

माझे डोळे भरले. मी बाहेर आले आणि मंगलताईंना फोन लावला. म्हटलं, ऐका, पोरगी भूक लागली म्हणते.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग वाढा की आधी," मंगलताई म्हणाल्या. "फोन काय करताय?"